होटगीचं बंदर

होटगीत समुद्र नाही. एक ओढा आहे, तोही उन्हाळ्यात रजेवर जातो. तरी राजेसाबचाचांच्या घरी जहाजाचा कायदा चालतो. चाचा तेलवाहू जहाजावर खलाशी होते. रिकाम्या टाक्या धुवायच्या आणि तेलकट पाणी भर समुद्रात सोडायचं, हे त्यांचं काम. एकदा तेलानं माखलेला पक्षी डेकवर पडला. चाचांनी त्याला साबणानं धुतलं, पण तो हातातच फडफडून मेला. ती फडफड होटगीपर्यंत मागं आली. चाचांना झोप म्हणून लागेना.

त्र्याहत्तर साली लंडनला देशोदेशीच्या सरकारांनी नियम ठरवला, की असलं तेल जहाजावरच साठवून बंदरात उतरवावं. बातमी मीच वाचून दाखवली, ही माझी समाजसेवा. तेव्हापासून कुणी विहिरीवरच्या इंजिनाचं जळकं तेल ओढ्यात ओतायला निघालं, की चाचा डबा घेऊन आडवे. खाटेखाली डब्यांची रांग लागली आणि फडफड थांबली. चाचा चक्क घोरू लागले.

"घरात वास मावंना. तुमचं बंदर कवा येनार वो?" लालबीचाची विचारायच्या.

"येईल की," चाचा म्हणायचे.

परवा चाचींनी मला दारातच अडवलं. "बाबा, काल वैतागून एक डबा वतला वड्यात. त्यांला सांगू नगंस."

"एका डब्यानं काय होतंय, चाची?" मी हसलो. "समुद्र थोडाच हाय हितं?"

आतून चाचांचा आवाज आला, "लालबी, रात्री फडफड लई हुती गं."

माझं हसू अर्ध्यावरच राहिलं. चाची हळूच म्हणाल्या, "मला बी आली की ऐकू."