सायराबाईंचं भेव

मशीनमध्ये उतरण्याआधी कुणी देवाचं नाव घेतं, कुणी तंबाखू मळतं. सायराबाई मोठ्यानं म्हणायच्या, "मले भेव लागून राह्यलं." मग दगड वाहून नेणाऱ्या बेल्टच्या लोखंडी चौकटीवर तळहात टेकवून उभ्या राहायच्या. चौकट अगदी निपचित आहे अशी खात्री पटली की मगच पाना मागायच्या.

राजुऱ्याच्या पुढे चुनखडी फोडण्याच्या एका प्लांटवर आम्ही दोघी एकाच सेक्शनला होतो. मशीनवरचे सेन्सर, त्यांच्या तारा आणि त्या तारा जिथे एकत्र येतात ते डबे, हे आमचं काम. सायराबाई सेक्शनच्या प्रमुख. डिप्लोमा झालेल्या, राजुऱ्यात त्यांच्या भावाचं कुलरचं दुकान. मी जिवतीच्या डोंगरातून आयटीआय करून आलेली. पहिल्याच दिवशी मी तोऱ्यात म्हटलं, "मले नाई लागत भेव. जंगलातली आहो मी."

त्या हसल्या नाहीत. "वाघाचा वास तरी येते, सुमन. बेल्टचा येत नाई. ज्याले भेव नाई लागत, त्यानं माह्या सेक्शनमंदी राहू नये."

प्लांटवरची माणसं त्यांना पाठीमागे 'भेवबाई' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. डब्यावर बोट आपटून त्या मला सांगायच्या, "याले अक्कल नाई. जे आलं ते पुढं धाडते, बस. अक्कल आपल्याले ठेवा लागते." त्यांचा आणखी एक हट्ट होता. आत माणूस असेपर्यंत सेन्सरचा प्लग डब्यात घट्ट धरणारी रिंग पुरती पिळायची नाही. धूळ जाते म्हणून साहेब कुरकुरायचे. "धूळ पुसता येते, साहेब," एवढंच त्या म्हणायच्या.

त्या दिवशी दुपारी आम्ही चूटवर होतो. एका बेल्टवरचा दगड दुसऱ्या बेल्टवर पडतो ती ही उंच लोखंडी पेटी. ती तुंबली की सांगणारा सेन्सर मेला होता आणि त्यामुळे बेल्ट बंद होता. कुणी बेल्ट चालू करू नये म्हणून आम्ही स्विचला रीतसर कुलूप लावून घेतलं, मग चालू करण्याचं बटण दाबून पाहिलं. बेल्ट हलला नाही. सायराबाईंनी चौकटीवर हात ठेवला, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि मला आत जाऊ दिलं.

कुलूप शेजारच्या बेल्टच्या स्विचला लागलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आमचा बेल्ट हलला नव्हता तो कुलुपामुळे नाही, सेन्सर मेलेला होता म्हणून.

मी बेल्टवर गुडघे टेकून नवा सेन्सर बसवला. बाहेर फळीवर उभ्या असलेल्या सायराबाईंनी त्याचा प्लग डब्यात घातला. "दिवा लागला वो!" त्यांचा आवाज आला. त्याच क्षणी कंट्रोल रूमच्या पडद्यावरची लाल खूण गेली. तिथल्या माणसाला वाटलं, काम आटोपलं.

हूटर वाजला.

बेल्ट सुरू होण्याआधी तो थोडा वेळ वाजतो, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. त्या पेटीत तो चारही भिंतींतून येत होता. बाहेर पडायची खिडकी छातीइतकी उंच. मी कडेला हात घातले, पण पांढऱ्या भुकटीवरून ते घसरले. पुन्हा घातले, पुन्हा घसरले. बाहेर सायराबाई किंचाळत होत्या, "सुमन! सुमन, बाहेर ये!" आणि मध्येच, "या अल्ला, या अल्ला!" मग हूटर थांबला. ती शांतता हूटरहून भयंकर होती.

बेल्टनं हिसका दिला. मी तोंडावर आपटले. खालचं रबर मला घेऊन निघालं, पुढच्या काळोखाकडे, जिथे दगड फुटतो. मी "माय" म्हटलं की नुसतंच ओरडले, आठवत नाही. हातभर गेला असेल, आणि बेल्ट थांबला.

किती वेळ तशीच पडून होते कोण जाणे. खिडकीतून सायराबाईंचा हात आत आला आणि माझ्या मनगटाभोवती घट्ट आवळला गेला. दुसऱ्या हातात डब्यातून उपटलेला प्लग होता; तो निघताच सेन्सर पुन्हा मेला आणि बेल्ट थांबला होता. अर्धीच पिळलेली रिंग हिसक्यानं सुटली होती, बोटांची सालटं निघाली होती. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं आणि दोघी फळीवर बसून रडलो.

चौकशीत त्यांनी काही लपवलं नाही. "बटण दाबून पाह्यलं, बेल्ट हलला नाई, अन् मी मानून घेतलं. भेव कमी पडलं माहं." त्यानंतर पाठीमागेसुद्धा कुणी त्यांना 'भेवबाई' म्हटलं नाही.

पण त्यांचे हात थरथरू लागले ते थांबेनात. एक दिवस त्यांनी राजीनामा दिला. मी चिडले. "तुमच्यापायी मी जित्ती आहो, अन् तुम्हीच चालल्या?"

"हो, भ्याली मी," त्या म्हणाल्या. "असे हात घेऊन कोणाले आत धाडू? उद्या प्लग धरताच नाई आला त?"

आता त्या भावाच्या दुकानात बसतात. यंदाच्या ईदला मी लेकीला घेऊन त्यांच्या घरी गेले. शीरखुर्म्याची वाटी माझ्याकडे देताना त्यांचा हात इतका हलला की अर्धं दूध चादरीवर सांडलं. त्यांचे यजमान पुढे झाले आणि खालून वाटीला हात लावला.

"हे आता असंच राहीन," सायराबाई म्हणाल्या. मग माझ्या लेकीकडे आणि माझ्याकडे पाहून हसल्या. "राहू दे. खा तू. खाऊन राह्यली ना समोर बसून!"