वाटाड्या जावई

वाटाड्याच्या परीक्षेसाठी मी माझ्या सासुरवाडीचं शिवार निवडलं.

चूक एवढीच. बाकीचं तिच्यातून आपोआप घडत गेलं.

आधी वाटाड्या म्हणजे काय ते सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला लागलो, फिरता फिरता काही निसर्गप्रेमी मंडळींच्या तावडीत सापडलो, आणि त्यांनी मला माळरानावर लोकांचे गट घेऊन जाणाऱ्या वाटाड्यांच्या अभ्यासक्रमाला बसवलं. नकाशा, होकायंत्र, प्रथमोपचार, सगळं रीतसर. कारखान्यातला माझा जुना सोबती मुनीर म्हणाला, "सायब, डोंगर असला तर वाटाड्या लागतो. आपल्याकडं सगळं सपाट. चुकायचं म्हटलं तरी कुटं चुकणार?"

मुनीरला काय सांगणार! डोंगरावर चुकलेला माणूस उतरत गेला की कुठल्यातरी गावात पोचतो. आमच्या माळावर चुकलेला माणूस नुसता चालतच राहतो. (अनुभवाने सांगतोय. सरावासाठी अक्कलकोटकडे गेलो होतो, तेव्हा शेवटी एका आजीबाईंनी मला पाणी हवंय का ते कानडीत विचारलं.)

शेवटची परीक्षा अशी होती: गट आपण जमवायचा, मार्ग आपण आखायचा आणि परीक्षकांच्या देखत सगळ्यांना सुखरूप मुक्कामी पोचवायचं. मी बार्शीकडचं सासुरवाडीचं गाव घेतलं. फाट्यापासून निघून, शिवार फिरून, सासऱ्यांच्या विहिरीवर शेवट. माहितीतला भाग!

बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, तिथं तुम्हाला कुणी चालू देणार नाही."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"गुडघ्यांचं कोण बोलतंय?" म्हणत ती आत गेली.

हुरड्याचे दिवस होते. गटात सुनंदा, मुनीर आणि आमची सकाळी फिरणारी मंडळी. परीक्षक बर्वे मॅडम पुण्याहून आलेल्या. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर काहीही नाही. फाट्यावर मी छोटंसं भाषण ठोकलं. सर्वांत पुढे मी. सर्वांत मागे कोण, ते मला कायम ठाऊक पाहिजे. आणि वाटेत कुणीही वाहनात बसायचं नाही. एक जरी बसला, तरी मी नापास.

पहिल्याच बांधावर सुनंदाचे चुलते, सखारामतात्या, उभे.

"जावई चालत? गाडी बंद पडली व्हय?"

"नाही तात्या, परीक्षा आहे."

"ह्या वयात?" त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "तवा शाळंत ऱ्हायली हुती जनू. बरं, हुरड्याची आगटी पेटलीया. बसा."

"आम्हाला जरा घाई..."

"जावई बांधावरनं उपाशी गेला, तर गावात तोंड कुटं दावू?"

बसलो. गरम कणसं हातावर चोळून हुरडा पुढ्यात पडत होता, शेंगाचटणी फिरत होती. मॅडमनी वहीत 'अल्प विश्रांती' लिहिलं. पुढच्या वाढपाला त्यांनी पेन पिशवीत टाकलं.

उठताना सुनंदा कानाशी आली. "आता बापूकाकांकडं जावं लागणार."

"ते मार्गात नाहीत."

"तात्यांकडं खाल्लंत ना? त्या दोघा भावांचं बांधावरून वाजलंय. बापूकाकांना टाळलंत, तर दिवाळीला इथं माझ्यासोबत येऊ नका."

मी मार्ग बदलला. मॅडमनी थांबवून विचारलं, "आखलेला मार्ग सोडण्याचं कारण?"

"कौटुंबिक."

त्यांनी पेन काढून तसं लिहून घेतलं.

बापूकाकांनी आधी चौकशी केली. "तात्यानं काय वाडलं?"

"हुरडा. चटणी."

"दही न्हाय? म्हाईतच हुतं मला."

मग हुरडा, चटणी, दही, गूळ, आणि वर बोरं. इतक्यात ज्वारीतून तात्या उगवले. बापू काय वाढतोय ते बघायलाच आले असणार, पण म्हणाले, "जावयाला वाट दावायला आलोय."

"मी काय मेलोय व्हय?" म्हणत बापूकाकाही निघाले. मला वाट दाखवायला! वाटाड्याला दोन वाटाडे, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद.

पण खरं संकट गाडीवाटेवर आडवं उभं होतं. सुनंदाचा धाकटा भाऊ बाळू ट्रॅक्टर घेऊन आला होता. ट्रॉलीत सतरंजी, सतरंजीवर लोड.

"दाजी, बसा."

"बाळू, नापास होईन मी."

"होवा की. हिकडं आमची इज्जत चाललीया. आख्खं गाव म्हनतंय, जावई उन्हात पायी हिंडतोय, मेव्हन्याच्या दारात ट्रॅक्टर हाय पर मन न्हाय."

मी वळून बघतो, तर मुनीरचा एक पाय ट्रॉलीच्या फाळक्यावर. दोनदा हुरडा खाल्लेल्या माणसाला लोड दिसला की त्याचं काही चालत नाही. मी खिशातली शिट्टी काढून फुंकली. ज्वारीवरची सगळी पाखरं उडाली. मुनीरचा पाय खाली आला. मॅडमचं पेन वर आलं.

चार महिने उन्हात करपून शिकलो होतो, ते सगळं आता त्या फाळक्याशी येऊन थांबलं होतं. मी बाळूच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे बघ, आज मी जावई नाही. आज ही माणसं माझ्या भरवशावर आहेत. सगळ्यांत मागे एक खमक्या माणूस लागतो, कुणाला रेंगाळू न देणारा. तेवढं काम तुझ्याशिवाय कोण करणार?"

बाळूने माझ्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग किल्ली खिशात घालून तो शेवटी जाऊन उभा राहिला आणि मुनीरवर खेकसला, "चला की वो पाव्हणं, बघताय काय?"

पुढे दोन पुरुष उंचीची ज्वारी. चारी बाजूंना ताटंच ताटं, वर आभाळाची पट्टी. पायवाट फुटली तिथे तात्या म्हणाले, "डावीकडं." तात्या डावीकडं म्हणाले म्हणून बापूकाका म्हणाले, "उजवीकडं." दोघं हटून बसले. गट माझ्याकडे बघायला लागला. मी नकाशा पसरला, होकायंत्र ठेवलं, घसा खाकरला आणि दोन्ही वाटा सोडून मधल्या बांधाने निघालो. मागून तात्यांचा आवाज आला, "गेलं आता बार्शीला." मी वळून पाहिलं नाही.

ज्वारी संपली आणि समोर सासऱ्यांची विहीर! अगदी समोर! मला स्वतःलाच इतका धक्का बसला, की मी मॅडमना नमस्कार केला.

मॅडमनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. "निघालो त्यापेक्षा माणसं जास्त भरतायत."

"कमी तर नाहीत ना मॅडम?"

मॅडम दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या. तिथेच विहिरीच्या काठावर बसून त्यांनी माझ्या प्रमाणपत्रावर सही केली. मुनीरने टाळ्या वाजवल्या, सुनंदाने डोळ्यांना पदर लावला (धूळ गेली म्हणाली), आणि तात्या-बापूकाका एकाच वेळी म्हणाले, "मी म्हनलोच हुतो." मी कागद दोन्ही हातांनी धरून विहिरीवर वाट बघत बसलेल्या सासऱ्यांपुढे नेला.

"मामा, पास झालो."

सासऱ्यांनी चष्मा लावला, कागद उन्हाकडे धरला, सगळा सावकाश वाचला आणि परत दिला.

"लग्नाला एवडी वर्सं झाली," ते म्हणाले, "आन् आज सासुरवाडीचा रस्ता घावला म्हनून सर्टिफिकेट. झाका ते, लोक बघत्यात."