बांधाचं तोंड

कुकरची शिट्टी झाली की इंद्रायणी तांदळाचा वास भोरमधल्या आमच्या घरभर पसरतो. पाहुणे डोळे मिटून तो आत ओढून घेतात. मला मात्र त्यामागून वेल्ह्याकडच्या खाचरात उभ्या उभ्या जळलेल्या भाताचा वास येतो आणि भूक मरते.

काकांचं खाचर वर, आत्याचं खाली. नवऱ्यानं टाकल्यावर आत्या माहेरी आली, तेव्हा भावकीनं ते तिला तोंडी दिलं होतं, पिकवशील तोवर तुझं म्हणून. काकांना ते कधीच पचलं नाही. आत्या मात्र आपल्या खाचरातला भात आपल्या ताटात घेताना अशी ताठ बसायची, की पाहत राहावं.

त्या वर्षी भात पोटरीला आलेला, कणीस अजून पोटात असताना खाचराच्या मधली पानं पिवळी पडू लागली. आत्यानं रोपांचा एक चूड हातानं फाकवून दाखवला. वर सगळं हिरवंगार, आणि खाली पाण्यालगत बुंध्याला तपकिरी तुडतुडे दाटीनं चिकटलेले, निवांत रस पीत. कृषी सहायक म्हणाले, आधी खाचरातलं पाणी काढा, बुंधे उघडे पडू द्या, मग औषध बुंध्यावरच मारा. पण पाणी यायचं काकांच्या बांधाच्या तोंडातून. त्यांच्या खाचराला ओढ्याकडं दुसरं तोंड होतं, आणि ते उघडणं म्हणजे फावड्याचं घटकाभराचं काम.

"दादा, थोडं दिस पाणी वड्याकडं वळवा," आत्या हात जोडून म्हणाली, "न्हाईतर माजं समदं जळंल."

काका तंबाखू मळत राहिले. "पाणी आपल्या वाटंनं जातंय. म्या कशाला आडवू?"

आत्यानं तरीही फवारलं. बुंधे पाण्यातच होते, औषध पानांवरच राहिलं. तापलेला तवा टेकवून उचलावा तसे गोल चट्टे भातात उमटले आणि एकमेकांत मिसळून गेले. मग काकांनी भावकीला बांधावर बोलावलं. "जमीन हिच्या हाताला लागत न्हाई. बगा तुमीच." सगळ्यांनी पाहिलं, माना डोलावल्या. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि साक्षीला सारं गाव.

आता ते खाचर काका कसतात. ओढ्याकडचं तोंड दरवर्षी वेळेवर उघडतं.

तुडतुड्यांचा मला राग येत नाही. त्यांची भूक हंगामापुरती असते, आणि कुणाला हिणवावं म्हणून ते रस पीत नाहीत. काका आता थकलेत; वाटलं होतं, वयानं तरी माणूस निवळेल. परवा गेलो तर आत्या त्यांच्याच चुलीपुढं बसलेली, पुढ्यात नाचणीची भाकरी.

"आत्या, भात घे की गं."

"नगं. त्यो त्यांचा हाय."

काकांनी आपलं ताट तिच्यापुढं सरकवलं. "माज्या खाचरातला हाय, वाढ आजून."

आत्या उठली आणि तिनं वाढलं.