चिंबोऱ्याचं बोलावणं

रंजिताबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. टेबलावरचं डस्टर त्या उगाच इकडून तिकडे ठेवत होत्या. मागच्या बाकावर मुख्याध्यापक कृष्णात सर येऊन बसले होते. साताऱ्याकडचे, शिस्तीचे. "तुमची ही नवी पद्धत आज बघतो," ते म्हणाले होते, "नाही पटलं तर सोमवारपासून पुन्हा पुस्तक परीक्षण. वहीत."

परीक्षण म्हणजे काय, ते बाई जाणून होत्या. त्या याच नावडे गावच्या. भाताची खाचरं गेली, तिथं इमारती उगवल्या, आणि त्यांच्या घरातली ही पहिली शिकलेली लेक शाळेत शिकवायला उभी राहिली. पोरांना परीक्षण लिहायला लावलं, तर अख्ख्या वर्गाच्या वह्यांत एकच ओळ: 'या पुस्तकातून मला चांगला बोध मिळाला.' वाचलं कुणीच नव्हतं. बाईंनी वह्या मिटायला लावल्या. "घरी जसं बोलता, तसं पुस्तक सांगा."

आज शिवतेजनं मार्केटातल्या लिलावाची आरोळी ठोकत पुस्तक सांगितलं. सर हसले नाहीत.

मग स्नेहल उठली. तिची आजी धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. पुस्तकात होतं बगळ्याच्या लेकीचं लग्न आणि मांडवाची दोरी तोडणारा दुष्ट खेकडा, पोरांच्या बोलीत चिंबोरा. स्नेहलनं आजीसारखा सूर लावून लग्नाची आमंत्रणं गायला घेतली, आणि देवांनंतर पहिलं बोलावणं खेकड्याला!

"थांब," सर म्हणाले. "हे पुस्तकात कुठाय?"

"नाय सर. पन माजी आजी सांगते, रुसलेल्याला पयला बोलवाचा. नाय तं मांडव खाली परते."

"अगं, पण तो रुसला कशाला?"

स्नेहलनं बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात पानं फडफडली. पोरं आपापलं पुस्तक चाळत होती.

"सर! त्याला बोलवलाच नाय! पयल्या पानावर समद्यांची नावं हायेत, चिंबोऱ्याचा नाय!"

"मग चूक बगळ्याची!"

"हॅट! दोरी कापली कोनी?"

"तुला बड्डेला नाय बोलवला, तेवा तू काय केलास?"

वर्ग पेटला.

"तात्पर्य काय मग?" सर ओरडले. "लिहा बाई फळ्यावर!"

"कुणाचं लिहू, सर?"

सरांनी त्या गलक्याकडे पाहिलं आणि उठले. "राहू द्या. फळा पुरायचा नाही." दारात थबकून त्यांनी विचारलं, "सोमवारी कुठलं पुस्तक घेताय?"

बाईंनी सोमवारचा विचारच केला नव्हता.