गिअरबॉक्सवर काढलेलं पत्रक

मामाची मोटरसायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी होती आणि चळवळीच्या कामाला मी तीच दामटायचो. टेमघर, अंजूर, वज्रेश्वरी, दिवसभर. मग तिच्या गिअरबॉक्समधून घरघर सुरू झाली. आधी बारीक, आठवड्याभरात अशी, की मागे बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना.

तीन आठवड्यांपूर्वी टेमघरच्या मिस्त्रीने तो गिअरबॉक्स उघडून तेल गळू न देणारं सील बदललं होतं. झालं, माझा तपास तिथेच संपला. लुटणारा समोरचा आणि लुटला जाणारा आपला, हे मला पाठ होतं. मी पत्रक लिहिलं : ‘भिवंडीकरांनो, जागे व्हा! गॅरेजवाल्यांची लूट बंद करा!’ नाव नाही घातलं. ‘टेमघरच्या टाकीसमोरचा मिस्त्री’ लिहिलं, म्हणजे नावच घातलं की. झेरॉक्स काढले, एसटी स्टँडवर आणि रिक्षावाल्यांत वाटले.

चौथ्या दिवशी मिस्त्रीचाच निरोप आला, गाडी घेऊन ये. मी भांडायच्या तयारीनेच गेलो.

“या पुढारी,” तो म्हणाला. “तुज्या कागदापायी माजी दोन गिऱ्हाईकं गेली. आज सगल्यांसमोर खोलू. माजी चूक असंल तर खुशाल छाप, खाली मी सही करतो.”

सगळे म्हणजे शेजारचा चहावाला आणि एक रिक्षावाला. हा रिक्षावाला पूर्वी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्युटी करायचा. चहा पीत तमाशा बघायला बसला होता.

मिस्त्रीने आधी पाना उचललाच नाही. माझ्या मागे बसला आणि म्हणाला, चालव. पहिल्यात घरघर, दुसऱ्यात घरघर, तिसऱ्यात तर दात किटकिटले. “आता टॉप टाक.” टॉपमध्ये गाडी गप्प. मला रागच आला तिचा.

“टॉपला जोर सरल वरच्या शाफ्टवर जातो,” तो कानाशी ओरडला. “बाकी गिअरांत खालच्या शाफ्टवर येतो. आजारी खालचा हाय. सील न्हाय!”

परत आल्यावर त्याने खाली ट्रे ठेवला आणि तेलाचा बोल्ट काढला. मी येरझाऱ्या घालत होतो. गिअरबॉक्समधून दाट तेल संथ उतरायला हवं. हे पाण्यासारखं भसकन आलं, आणि त्यात पितळेचा चुरा चमकत होता. खालचा शाफ्ट ज्यात फिरतो तो पितळी बुश खाल्ला गेला होता.

“मी नव्वद नंबरचं दाट तेल भरलेलं,” मिस्त्री म्हणाला. “ह्ये काय हाय?”

मला माहीत होतं. एकट्या मलाच. त्याने जुनंच तेल परत भरलं असणार, या खात्रीने दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी मी ते ओतून टाकलं होतं आणि मामाच्या कारखान्यातल्या डब्यातलं तेल भरलं होतं. तेल ते तेल. आता ‘तूच भरलंस’ म्हटलं असतं तर पत्रक खरं ठरलं असतं. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं ते तेच म्हणायला.

तेवढ्यात रिक्षावाल्याने ट्रेत बोट बुडवून नाकाला लावलं. “अरे, ये तो लूम का तेल है! नेताजी, गाडी चलानी है के कपडा निकालना है?”

चहावाला हसून खोकायला लागला. मिस्त्री हसला नाही. त्याने ट्रे माझ्या पायाशी सरकवला.

“मी भरलं,” मी म्हणालो.

त्याने लेथवाल्याकडून नवा बुश कातून आणला, बसवला, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, दाट तेल भरलं. संध्याकाळी गाडी तिसऱ्यातही गप्प होती. तेव्हा म्हणाला, “आता लिही.”

लिहिलं. ‘चूक माझी होती.’ झेरॉक्स घेऊन एसटी स्टँडवर उभा राहिलो. लूट म्हटल्यावर हात पुढे करणारी माणसं चूक म्हटल्यावर बस बघायला लागली. मिस्त्रीचं एक गिऱ्हाईक आपणहून परत आलं. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे अंजूरचा एक रिक्षावाला. त्याच्या स्टँडवर जाऊन मी तोंडाने सगळं सांगितलं : तेल, बुश, माझा मूर्खपणा.

त्याने सीटखालून माझं पहिलं पत्रक काढलं. घडी नीट घातलेली होती.

“दादा, ह्ये छापेल हाय ना?” तो म्हणाला. “मंग खोटं कसं असंल?”