न उघडलेलं इंजिन

चारशे मीटरच्या शर्यतीसाठी गाडी बांधायची तर आधी तिचं वजन कमी करायचं आणि मग इंजिन निवडायचं. वजन कमी करणं सोपं असतं. भंगारातल्या एका छोट्या गाडीचा सांगाडा आणून मी त्यातली मागची सीट, बाजूच्या काचा, कार्पेट, दारांच्या आतलं सगळं उपटून टाकलं. शेवटी ती इतकी हलकी झाली की मी आणि गॅरेजचा मिस्त्री मिळून तिची मागची बाजू हातांनी उचलत होतो. पंचेचाळिशीतल्या कापडदुकानदाराला हे कुठलं खूळ, असं बायको विचारायची. दिवसभर 'आणखी एक शेड दाखवा' ऐकणाऱ्या माणसाला शर्यतीचे चौदा सेकंद तरी कुणाचं काही ऐकू येऊ नये असं वाटतं, हे माझं उत्तर तिला पटलेलं नाही.

इंजिन निवडताना माझी मती फिरली. ती का फिरली ते सांगायचं तर अप्पांच्या डोळ्यांपासून सुरुवात करायला हवी.

माझे वडील, म्हणजे अप्पा, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बावीस वर्षं रोज सकाळी ते स्वतः गाडी चालवत दुकानात जायचे आणि दुपारी जेवायला परत यायचे. घर ते दुकान जेमतेम तीन किलोमीटर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, थेंब लिहून दिले, आणि अप्पा बाहेर चष्मा पुसत बसले असताना मला आत बोलावून म्हणाले, यांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही; गाडी बंद करा, तुम्हीच समजावून सांगा. मी हो म्हणालो. त्यानंतर दोन महिने गेले. आमच्या घरात अप्पांना 'नको' म्हणायची पद्धत नव्हती, आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की मला हमखास दुकानात काम निघतं.

मग एक दिवस हुबळीतल्या कोप्पीकर रोडवर वळताना अप्पांची गाडी शाळेच्या रिक्षाला घासली. रिक्षात मुलं होती. कुणाला काही झालं नाही, फक्त एका मुलीचा जेवणाचा डबा बाहेर पडून चेपला. "कुठनं आली ती रिक्षा कुणास ठाऊक," अप्पा घरी येऊन म्हणाले. ती त्यांच्या शेजारीच होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात मी आणि मिस्त्री इंजिन शोधत होतो. मिस्त्रीचं गॅरेज उणकलच्या अलीकडे. माणूस कन्नड, माझ्याशी मराठीत बोलायचा आणि चिडला की कन्नडवर यायचा. टर्बो बसवायचा म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबायची, त्यामुळे मुळात अंगात दम असलेलं इंजिनच हवं, असं त्याचं म्हणणं. तीन सिलिंडरचं एक इंजिन हलकं होतं पण त्याच्याकडून फार काही निघालं नसतं. नव्या गाडीचं एक मिळत होतं, पण त्याचा कॉम्प्युटर आमच्या दोघांच्याही आवाक्याबाहेरचा होता. उरलं चार सिलिंडरचं तेराशे सीसीचं जुनं इंजिन, आणि ते दोन ठिकाणी होतं. एक कलघटगीहून हुबळीला दिवसाला तीन खेपा मारणाऱ्या व्हॅनमध्ये, जी मालक मोडीत काढायला निघाला होता. दुसरं अप्पांच्या गाडीत.

मला एकदम सगळा गुंता सुटल्यासारखं वाटलं. अप्पांचं इंजिन घ्यायचं. गाडी आपोआप बंद होईल, कुणाला काही बोलावं लागणार नाही, आणि माझी शर्यतही होईल. एका दगडात दोन पक्षी.

शिवाय ते इंजिन होतंच तसं. आमच्याकडे वस्तू वापरण्यापेक्षा राखण्यावर भर. टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लॅस्टिक आहे, नवे टॉवेल कपाटात जुने होतात. अप्पांनी गाडी चाळिसाच्या वर कधी पळवली नाही, तेल वेळेवर बदललं, आणि तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. 'इंजिन अजून खोललेलं नाही,' हे ते दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगायचे. मुलीच्या स्थळाची माहिती द्यावी तसं सांगायचे.

मी इंजिन मागितलं तेव्हा ते चक्क हसले. "माझं इंजिन शर्यतीत पळणार म्हण की," ते म्हणाले. "घे. पण दोन गोष्टी ऐक. खोलायचं न्हाई. आणि शर्यत झाली की परत बसवून द्यायचं."

मी दोन्हीला हो म्हणालो. दुसऱ्या गोष्टीला हो म्हणताना मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीनं गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासलं. झकास होतं, व्हॅनपेक्षा जास्त. मी खुशीत आलो. मग त्यानं तेल ओतायच्या तोंडावरची टोपी काढली आणि उलटी करून माझ्यापुढे धरली. आतून पिवळट, लोण्यासारखा थर बसला होता.

"ब्याड्री अण्णा," तो म्हणाला. "हे नको."

"का? कॉम्प्रेशन तर चांगलं आहे."

"घर ते दुकान तीन किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद. आत पाणी धरतंय, तेलात गाळ होतोय. बावीस वर्षांचा गाळ आहे आत. हळू चालवलं तर असाच राहील. टर्बो लावून दामटलं तर सुटेल आणि तेलाची वाट बंद करेल." मग त्यानं गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या व्हॅनच्या इंजिनाची टोपी दाखवली. काळी होती, पण स्वच्छ. "हे रोज तापलंय. रोज आतलं सगळं जाळून टाकतंय. हे घ्या."

"खोलून साफ केलं तर?"

"तर बघू. खोलू देता काय?"

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. खोलायचं तर अप्पांना विचारायला हवं. विचारलं तर ते म्हणणार, मग माझं राहू दे, व्हॅनचं घे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कोप्पीकर रोडवर. मी मिस्त्रीच्या हातातून टोपी घेतली, खिशातल्या रुमालानं तो थर पुसला आणि टोपी परत बसवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "नोड्री, बघा," तो म्हणाला, "मी सांगितलं ते लक्षात ठेवा."

इंजिन उतरवलं त्या दिवशी अप्पांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं. ते त्या दिवसापासून रिक्षानं दुकानात जाऊ लागले आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "माझं काय म्हणतंय?" मी फोनवर फोटो दाखवायचो. टर्बोचं चकचकीत गोगलगाईसारखं कवच बघून त्यांना फार मौज वाटली होती.

शहराबाहेर प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये अजून घरं उठलेली नाहीत. तिथल्या सरळ रस्त्यावर जागेच्या मालकाला विचारून आम्ही सकाळी चाचणी घेतली. पहिल्या दोन खेपा मी अजून विसरलेलो नाही. इतकी हलकी गाडी आणि ते इंजिन, मान सीटला चिकटत होती. तिसऱ्या खेपेला तेलाचा लाल दिवा लागला. मी पाय काढेपर्यंत आतून लोखंडावर घण बसल्यासारखा आवाज आला आणि समोरची काच तेलानं भरली. मिस्त्री धावत आला. पिस्टनचा एक दांडा, कनेक्टिंग रॉड, इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला होता. त्यानं इंजिनाखालची तेलाची टाकी काढली, आतल्या जाळीवर बोट फिरवलं आणि काळं, घट्ट झालेलं बोट मला दाखवलं.

घरी आलो तेव्हा अप्पा व्हरांड्यात पेपर डोळ्यांजवळ धरून बसले होते. वाटेत मी ठरवलं होतं की आज सगळं सांगायचं. डॉक्टर काय म्हणाले ते, रिक्षा कुठे होती ते, मी इंजिन का मागितलं ते.

"अप्पा, इंजिन गेलं," मी म्हणालो. "आता दुरुस्त होण्यासारखं नाही."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "कशानं?"

मी मिस्त्रीनं सांगितलेलं कारण सांगितलं. तीन किलोमीटर, इंजिन न तापणं, पाणी, गाळ. जोडीला डोळ्यांचं सांगायचं होतं. पण बोलत असताना त्यांचा चेहरा बदलत गेला आणि मला कळायच्या आत माझं बोलणं त्यांच्यावरचा आरोप होऊन बसलं.

"म्हणजे मी हळू चालवलं म्हणून?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही अप्पा..."

"तसंच की. बावीस वर्षं जपतोय म्हणून जपत आलो, आणि नासवत होतो."  ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले. "गाडी काढून टाक. मला गाडीतलं काय कळत न्हाई म्हणायचं. तुझी शर्यत बुडवली मी."

त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी किल्ली घेतली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला स्वतःची किळस आली.

आता माझ्या गाडीत कलघटगीच्या व्हॅनचं इंजिन आहे आणि ते छान पळतं. अप्पा दुकानात बसतात. नवी गाडी घेतलेलं कुणी आलं की कापड राहतं बाजूला आणि ते त्याला समोर बसवून सांगतात, "नुसती घर-दुकान करू नका. रोज थोडी लांब न्या, इंजिन तापू द्या. मी बावीस वर्षं चुकलो, तुम्ही चुकू नका." गल्ल्यावर बसून मला ते ऐकावं लागतं.

किल्ली देताना ते आणखी एक वाक्य बोलले होते. "पुढच्या वेळी इंजिन घेताना आधी मिस्त्रीला विचारत जा रे."

मी विचारलं होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.