मिरजेपर्यंत सलग

नागप्पा चावीवाला होता. तेर ठेसनापासून ढोकीच्या अंगाला चार मैल रूळ त्याच्याकडं होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि काखेत लोखंडी गेजपट्टी घेऊन तो निघायचा. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या कुठं सैल झाल्या असतील तर ठोकायचा, आणि अधूनमधून पट्टी आडवी टाकून दोन रुळांमधलं अंतर बघायचा. अडीच फूट. तेवीस वर्षं अडीच फूट. त्या कामात बोलायची गरज पडत नसे, आणि घरी शिवम्मा होती, ती दोघांच्या वाटणीचं एकटीच बोलायची. मूलबाळ नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिवम्माला क्षय झाला. तिचा भाऊ शांतलिंग तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला आला. ठेसनावर करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, शिपायानं तिचं गाठोडं सोडलं, दोन लुगडी आणि भस्माची डबी बघितली आणि पुन्हा जसंच्या तसं बांधून दिलं. ती खिडकीशी बसली. बार्शीच्या पलीकडचा मुलूख तिनं कधी पाहिला नव्हता. गार्डानं शिटी फुंकली तेव्हा नागप्पा म्हणाला, "हेच रूळ पार मिरजेपातुर सलग हायती. म्या हितं ठोकलं की तितं वाजंल."

ती हसली, हसताना खोकली, आणि गाडी हलली.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागण्याआधी तो लाईनीकडेच्या आपल्या खोलीसमोर, दोन रूळ जोडतात त्या सांध्यावर तीन ठोके देऊ लागला. ठोका चौथ्या-पाचव्या सांध्याच्या पुढं जात नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण रूळ तुटत नव्हते, ही गोष्ट खरी होती. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज. मध्ये कुठं रुंद नाही, कुठं अरुंद नाही. ती ज्या डब्यातून गेली तो डबा एक दिवस तसाच तिला घेऊन परत येऊ शकतो. संध्याकाळी एकट्यानं भाकरी थापताना तो एवढंच मनात घोळवत बसायचा.

दुपारी गँगची माणसं बाभळीखाली जेवायला बसत, तेव्हा मुकादम बंडप्पा मागच्या लढाईतल्या गोष्टी सांगे. तो इराकातल्या बसऱ्याला जाऊन रूळ टाकून आला होता आणि तिथल्या साहेबांकडून त्यानं जगभरच्या रुळांची मापं ऐकली होती. रशियात पाच फूट, आपल्या मोठ्या लाईनीला साडेपाच, आयर्लंडात पाच फूट तीन इंच. "विलायतेत चार फूट साडेआठ इंच. वरचा अर्धा इंच कशापायी, ते साहेबालाबी ठावं न्हाय," असं तो म्हणाला की सगळे हसत. मग तो सांगे, की दोन मुलखांची मापं जिथं जुळत नाहीत तिथं हद्दीवर सगळी गाडी रिकामी करतात. राजा असला तरी खाली उतरावं लागतं. या जागी नागप्पाचा घास तोंडात तसाच राहायचा.

दीड वर्षानं शांतलिंगचं पत्र आलं. बंडप्पानं ते वाचून दाखवलं. शिवम्माला मिरजेहून हलवून बेळगावच्या पुढं, क्षयाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथली हवा कोरडी होती. नागप्पानं तब्येतीचं विचारलं नाही. तिकडचे रूळ केवढे, एवढंच विचारलं.

"मीटर," बंडप्पा म्हणाला. "सव्वातीन फुटाच्या वर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागप्पा सांध्याशी आला, हातोडा उचलला आणि खाली ठेवला. नंतर तीन महिने तो त्या सांध्यावरून नुसता चालत गेला.

रजा मिळाली तेव्हा त्यानं धोतराच्या गाठोड्यात गेजपट्टी घातली. बंडप्पानं टोमणा मारलाच, "बायकोला भेटाया चाललास का रूळ तपासाया?" नागप्पानं गाठोड्याची गाठ आवळली. त्याचा पास मिरजेपर्यंतच चालत होता. तिथं उतरून तो फलाटाच्या टोकाशी गेला, पलीकडच्या रुळांत उतरला आणि पट्टी आडवी टाकली. एक टोक रुळाला टेकलं, दुसरं मध्येच राहिलं. उरलेल्या जागेवर त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून पंजा ठेवला. वीतभर. तिकडच्या एका गँगवाल्यानं कानडीत विचारलं, काय हरवलंय? नागप्पानंही कानडीतच सांगितलं, काही नाही, वीतभर कमी पडतंय. तो माणूस हसून म्हणाला, मग पलीकडं चालत जा की, तिकीट काढ आणि बस.

बेळगावच्या पुढच्या त्या दवाखान्याच्या ओसरीवर खाटांची रांग होती. नर्सनं त्याला खांबापाशीच थांबवलं. शिवम्मा उठून बसली. तिचा चेहरा एवढासा झाला होता, डोळे मात्र तेच. शांतलिंग कधी येतो, शेजारची खाट कोणाची, रात्री कोण खोकतं, हे सगळं तिनं सांगितलं. मग श्वास घेण्यासाठी थांबली आणि म्हणाली, "अजून वाजवता का वो रूळ?"

नागप्पा खांबाला हात लावून उभा होता.

"व्हय," तो म्हणाला. "रोज."

"मला ठावं हाय," शिवम्मा म्हणाली. "ऐकू येतं हितं."

नर्सनं वेळ झाल्याचं सांगितलं.

परतल्यावर पहिल्या सकाळी नागप्पा उजाडताच सांध्याशी गेला. त्यानं त्या दिवसाचे तीन ठोके दिले. मग थांबला नाही. आधी एका चुकलेल्या दिवसाचे तीन, मग त्याच्या आधीच्या दिवसाचे तीन. रानात निघालेला एक माणूस बैलं थांबवून बघू लागला. लातूरकडून येणाऱ्या गाडीनं लांबून शिटी दिली. नागप्पा बाजूला झाला, सगळे डबे जाऊ दिले, आणि पुन्हा रुळाशी येऊन उरलेल्या दिवसांचे ठोके देऊ लागला.